मंगळवारची चव

मी शाळेच्या फाटकातून आत आले की पोरं दप्तरात पाकिटं दडवायला पळायची. पाच रुपयांची ती तिखट कुरकुरीत नळकांडी, जीभ लाल करणारी बर्फाची कांडी, सगळं मी जप्त करायची. आणि जप्त करताना असं काही बोलायची की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जावं. माझा आवाज मोठा, राग त्याहून मोठा, आणि पोरांच्या खाण्यापिण्याच्या बाबतीत मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही अशी माझी ख्याती होती. ती ख्याती मला आवडायची, खोटं कशाला बोलू?

शाळा जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंतची, तामलवाडीजवळून आत गेलेल्या एका रस्त्यावर. साठ-पासष्ट पोरं आणि आम्ही दोन शिक्षक. मुख्याध्यापकीचा पदभार माझ्याकडं. दुसरे सर माझ्याहून लहान, गरीब स्वभावाचे. दुपारची खिचडी शिजवायला एक मावशी होत्या. त्यांच्या हाताला चव होती, पण पाला म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. "पोरं खात न्हाईत बाई, काढून टाकतेत," त्या म्हणायच्या. मी म्हणायची, "मी उभी राहते, बघू कोण काढून टाकतंय ते." आणि खरंच उभी राहायची. शेवग्याचा पाला, मेथी, पालक, जे मिळेल ते मी खिचडीत घालायला लावायची. पोरं माझ्याकडं बघत बघत गिळायची. वजनकाट्यावर कुणाचं अर्धा किलो वाढलेलं दिसलं की मला वाटायचं, जिंकलं आपण.

आता चवीचं सांगते. पोरांच्या ताटात अन्न पडण्याआधी अर्धा तास ते मोठ्या माणसांनी खाऊन बघायचं असा नियम आहे. शिजवणारी बाई, एक शिक्षक आणि एक पालक. तिघांनी खायचं, चव नोंदवहीत शेरा लिहायचा, सह्या करायच्या. हा नियम कुणीतरी शहाण्या माणसानं केलेला आहे. अन्नात काही बरंवाईट असलं तर ते आधी मोठ्यांच्या पोटात जावं, पोरांच्या नाही.

पण आमचा भाग पडला देवीचा. मंगळवार आला की अर्ध्या गावाचा उपवास. माझा मंगळवार लग्नाच्या आधीपासूनचा. मावशींचा मंगळवार. सरांचाही मंगळवार. शाळेला लागून ज्या पालकबाईंचं घर, ज्या रोज सहीला यायच्या, त्यांचा तर मंगळवार आणि शुक्रवार दोन्ही. मग मंगळवारी खिचडी तोंडात घालायची कुणी? भाताचं शीत जिभेवर पडलं तरी उपवास मोडला. वरच्या ऑफिसला असं लिहून कळवणार तरी कसं, की साहेब, आमच्याकडं मंगळवारी चव घ्यायला माणूस नाही? हसले असते लोक.

पहिल्या एक-दोन मंगळवारी आम्ही नुसता वास घेऊन सह्या केल्या. मग एकदा मीठ दुप्पट पडलं, पोरांनी ताटं तशीच ठेवली, आणि मावशींनी त्यावर तोड काढली. तिसरीतली एक पोरगी होती, काटकुळी, डोळे मोठे. मधल्या सुट्टीच्या कितीतरी आधीपासून खिचडीच्या वासानं तिची चुळबुळ सुरू व्हायची. मावशींनी तिला हाक मारली, "ये गं, बघ जरा मीठ बरोबर हाय का." तिनं घास घेतला, डोळे मिटले, आणि म्हणाली, "मीठ बरोबर हाय, पर डाळ आजून कच्ची हाय." बघितलं तर खरंच कच्ची. झालं! तेव्हापासून मंगळवारची चव तिची. तिनं वाटीभर खायचं, मान हलवायची, आणि वहीत आम्ही तिघींनी लिहायचं, "चव उत्तम." खाली आमच्या सह्या.

मोठ्यांनी आधी खावं म्हणून केलेला नियम, आणि आम्ही शाळेतलं लेकरू पुढं केलं. आज हे लिहिताना हात थांबतो. तेव्हा? तेव्हा आम्हाला त्याचं कौतुक वाटायचं. पोरगीला तर मंगळवार म्हणजे सणच. वर्गातून तिला बोलावणं आलं की ती अशी चालत जायची की बाकीच्या पोरींनी बघतच राहावं.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातली गोष्ट. पाऊस बरा झाला होता, शिवारात सोयाबीन गुडघ्याला लागलं होतं आणि बांधाबांधावर रानभाज्या माजल्या होत्या. तांदुळजा, घोळ, पाथरी, कुंजर. माझ्या डोक्यात आलं, रानभाजीची खिचडी करू. सोमवारी शाळा सुटताना मी पोरांना सांगितलं, "उद्या येताना प्रत्येकानं मूठभर रानभाजी आणायची. विकतची नाही, रानातली. जो आणणार नाही त्यानं माझ्या समोर यायचं नाही." मला त्याचे फोटोही काढायचे होते. केंद्राच्या ग्रुपवर दुसऱ्या शाळांचे फोटो यायचे, आणि आमची शाळा मागं राहते हे मला खपत नसे.

मंगळवारी सकाळी किचन शेडच्या ओट्यावर हा ढीग पडला पाल्याचा. कुणी पिशवीतून, कुणी फ्रॉकच्या ओच्यातून, कुणी कंपासच्या डबीतून आणलेला. मी फोटो काढले. पोरांना ढिगामागं उभं करून काढले, भाजी हातात धरून काढले. मावशी पाला निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, कुणी कुठून आनलाय हे इचारलं का? समद्याच्या रानात फवारनी चालू हाय."

"बांधावरचा आहे मावशी, पिकातला नाही. दोन पाण्यांनी धुवा म्हणजे झालं."

"तरी बी..."

"तुम्हाला पाला नकोच असतो," मी म्हटलं. "दर वेळी नवं कारण."

 त्यांनी पाला दोन पाण्यांनी धुतला, चिरला, शिजत्या खिचडीत घातला. साठ मुठींतली वाईट मूठ कोणती, ते त्या पातेल्यात पडल्यावर कुणाला दिसणार होतं?

साडेबाराला मावशींनी निरोप पाठवला. पोरगी नेहमीसारखी आली. मावशींनी वाटी भरून दिली. तिनं फुंकर मारून एक घास घेतला आणि तिचा चेहरा बदलला. डोळे मिटले नाहीत.

"बाई, वास येतुया," ती म्हणाली.

"कसला वास?"

"औषधाचा."

मी वाटी नाकापाशी नेली. मसाल्याचा वास, लसणाचा वास, पाल्याचा उग्र वास. आमच्याकडं औषध म्हणजे फवारणीचं औषध, हे काय मला माहीत नव्हतं? पण बाहेर पोरं रांगेत बसायला लागली होती, ग्रुपवर फोटो गेले होते, त्यावर अंगठे आणि टाळ्या आल्या होत्या. आणि मला वाटलं, पाला खायचा नाही म्हणून ही कारणं सांगतेय. इतकी पोरं रोज सांगतात, तशी.

"रानभाजी जरा उग्रच असते," मी म्हटलं. "कडू लागलं म्हणजे गुणाचं असतं. नखरे करू नको, संपव वाटी."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी कमरेवर हात ठेवून उभी होते. तिनं दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. शेवटचा बोटानं पुसून घेतला. मी वहीत लिहिलं, "चव उत्तम." सही केली. मावशींनी सही केली. पालकबाई दारातून हात लांब करून सही करून गेल्या.

तेवढा अर्धा तास थांबायचा नियम मात्र आम्ही पाळायचो. का पाळायचो देव जाणे, सवय म्हणून. पोरं हात धुवून आली, ओळीनं बसली, ताटं वाढली. माझा दरारा असा, की श्लोक संपल्याशिवाय ताटाला कुणी बोट लावत नसे. श्लोक सुरू झाला. सगळी पोरं डोळे मिटून एका सुरात म्हणत होती. आणि दुसऱ्या ओळीला त्या सुरातून कुणीतरी ओकारी काढल्याचा आवाज आला.

तीच होती. ओळीत बसल्या जागी पुढं वाकली होती. मला आधी रागच आला, हे सांगायलाच हवं. मी "काय गं!" म्हणून पुढं गेले. तिनं तोंड वर केलं तेव्हा तोंडातून लाळ गळत होती, धार लागल्यासारखी. कपाळ घामानं भिजलेलं. डोळे माझ्याकडं, पण मी दिसत नसल्यासारखे.

"ताटं सोडा!" मी ओरडले. "कुणी घास घेऊ नका! उठा, उठा सगळे!"

पोरं घाबरून जागच्या जागी थिजली. मी पहिल्या ताटाला लाथ मारली, दुसरं उलटं केलं. तेव्हा पोरं उठली आणि भिंतीकडं पळाली. सर एकेकाचं तोंड उघडून बघत होते, कुणी काही खाल्लंय का. कुणीच खाल्लं नव्हतं. मी पातेल्यातून चिमूटभर खिचडी काढली आणि तोंडात टाकली. मंगळवार होता, उपवास होता, काही आठवलं नाही. जिभेवर पडल्या पडल्या कळलं. घशात जळजळलं, नाकात तोच वास चढला, जो शेतात पंप चालू असला की रस्त्यावरून जाताना येतो. मी थुंकले.

पोरगीनं पहिल्याच घासाला सांगितलं होतं.

मावशींनी तिला पोटाशी धरलं होतं. माझ्याकडं बघून त्या एवढंच म्हणाल्या, "म्या म्हनले व्हते." एकाची जीप मिळाली. सर पोरांजवळ थांबले. मावशींनी नियमाप्रमाणं वेगळी काढून ठेवलेली खिचडीची डबी आणि ती नोंदवही माझ्या पिशवीत कोंबली, आणि मी पोरगीला मांडीवर घेऊन जीपमध्ये बसले. खड्ड्यात गाडी आदळली की तिचं अंग कापायचं. "झोपू नको गं, बोल माझ्याशी," मी सारखी म्हणत होते. ती बोलत नव्हती. रोज वर्गात जिला मी "गप्प बस, किती बोलतेस" म्हणून दटावायची, ती.

आरोग्य केंद्रात तरुण डॉक्टर होते. त्यांनी टॉर्च मारून डोळ्यांच्या बाहुल्या बघितल्या. टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. "औषध गेलंय पोटात," ते म्हणाले. "कशातून गेलं? किती गेलं?"

मी डबी पुढं केली, नोंदवही पुढं केली. सांगितलं, खिचडीतून. ते वही वाचायला लागले आणि त्यांची बोटं थांबली.

"साडेबाराला तिघींनी चव घेतली. तिघींच्या सह्या आहेत. यातली एक सही तुमची?"

"हो."

"तासाभरावर वेळ झाला. तुम्हाला काही होतंय? मळमळ? डोकं जड?"

"नाही," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

"बाकी दोघींना?"

"नाही."

"मग खिचडीतून एवढं कसं जाईल? तीन बायका खाऊन ठणठणीत, आणि पोरगी अशी? हिनं सरळ बाटलीतलंच काही प्यायलेलं असेल. तसं असेल तर इथं ठेवून भागणार नाही. आत्ताच्या आत्ता सोलापूर गाठावं लागेल."

तेवढ्यात तिची आई आली. खुरपायला गेली होती दुसऱ्याच्या रानात, तशीच आली, पायाला चिखल, हातात विळा. कुणीतरी मोटारसायकलवर आणून सोडलं होतं. डॉक्टर तिच्याकडं वळले. "घरात फवारणीचं औषध आहे का? बाटली कुठं असते? सकाळी पोरगी एकटी होती का?"

ती बावरली. "हाय की साहेब. पर वर असती, पत्र्याखाली. तिचा हात न्हाय पोचत." मग स्वतःच थांबली. "सकाळी म्या लौकर गेले व्हते रानात. ती एकलीच व्हती. माय गं! तिनं काय हात लावला आसंल का?" आणि तिनं विळा टाकून दोन्ही हातांनी कपाळ बडवायला सुरुवात केली. "माजीच चूक हाय साहेब, म्या वरच ठिवली व्हती बगा, म्या कायम वरच ठिवते..."

मी गप्प उभी होते.

किती वेळ गप्प होते? फार नाही, दोन मिनिटं असतील. पण त्या दोन मिनिटांत माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते मला पाठ आहे. निलंबन आलं. पेपरात फोटो आला. सासरच्यांचं तोंड आलं. दारात जमलेली माणसं बोलत होती ते ऐकू येत होतं, "बाईनं ताटं उलटी केली म्हनून बाकीची लेकरं वाचली, न्हायतर काय खरं न्हवतं." माझी वाहवा चालली होती. आणि माझ्या जिभेवर अजून त्या चिमटीची जळजळ होती, म्हणजे "मी खाल्लं" असं म्हणायलाही जागा होती. समोर खाटेवर पोरगीचा श्वास खरखरत होता. डॉक्टर सोलापूरला फोन लावत होते, आणि तिची आई न केलेली चूक आठवून आठवून कबूल करत होती.

"डॉक्टर," मी म्हटलं. आवाज बारीक निघाला, माझा नाहीच वाटला. "आम्ही खाल्लं नाही."

"काय?"

"सह्या खोट्या आहेत. आमच्या तिघींचा उपवास होता. तिलाच खायला दिलं. वाटीभर. बाटलीतलं काही नाही, घरचं काही नाही. खिचडीतलंच आहे. तिनं सांगितलं होतं वास येतोय म्हणून. मीच संपवायला लावली."

डॉक्टरांनी फोन खाली ठेवला. "हे आधी सांगायला काय झालं होतं?" ते असे ओरडले की बाहेरची माणसं गप्प झाली. मग माझ्याकडं पाठ करून त्यांनी नर्सला सांगितलं, सोलापूर नको, इंजेक्शन काढा, इथंच करू. वाटी केवढी होती, भरलेली होती का, किती वाजता खाल्लं, ओकल्यावर किती पडलं, सगळं विचारलं. मी सगळं सांगितलं.

तिची आई माझ्याकडं बघत होती. कपाळ लाल झालं होतं. शिव्या देईल, अंगावर येईल असं मला वाटलं, आणि यावी असंही वाटलं. ती हळूच बोलली.

"उपास तुमचा, बाई, आन् घास माज्या लेकीला?"

 

इंजेक्शनं देत गेले तसतशी लाळ थांबली. बाहुल्या हळूहळू मोठ्या झाल्या. चारच्या सुमाराला डॉक्टर म्हणाले, आता भीती नाही, पण दोन दिवस इथंच राहू दे. तेव्हा मी बाहेर येऊन पायरीवर बसले आणि रडले, चांगली मोठ्यानं. मावशी मागच्या जीपनं आल्या होत्या. त्या शेजारी बसल्या.  नंतर चौकशी झाली, मी होतं तसं लिहून दिलं, शिक्षा झाली, ती मी भोगली. ती मूठ कुणाची होती हे गावानं शोधायला घेतलं होतं, ते मी शोधू दिलं नाही. मूठ आणा म्हणणारी मीच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोसंबी घेऊन गेले. पोरगी उठून बसली होती, हाताला सलाईन. आई खाटेच्या कडेला होती. तिनं मला बस म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही. मी पोरगीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"बाई," ती म्हणाली. आवाज अजून बसलेलाच होता. "पुढल्या मंगळवारी दुसरीला नका बलवू हां. म्याच सांगंन चव."

"नाही गं," मी म्हटलं. "आता चव मी घेणार. मंगळवारी पण मीच. पोरांनी चव घ्यायची नाही."

तिचे मोठे डोळे भरून आले. "पर म्या वाटी समदी संपवली व्हती," ती म्हणाली. "तुमी सांगितलं म्हनून. नखरं केलं न्हाय. माजं काय चुकलं?"

"तुझं काही चुकलं नाही. माझं चुकलं," मी म्हटलं. पुन्हा म्हटलं, मोठ्यानं म्हटलं, तिच्या आईला ऐकू जाईल असं म्हटलं.

तिला ते खरं वाटलं नाही. तिनं सलाईनचा हात जपत कूस बदलली आणि भिंतीकडं तोंड केलं. मी मोसंबी सोलून एक फोड तिच्यापुढं धरली. तिनं घेतली नाही. मग आईनं माझ्या हातातून ती फोड घेतली, आधी स्वतः चावून बघितली, आणि उरलेली तिला दिली.